कालिनोवोतलं दर तिसरं घर

सोफिया, ८ सप्टेंबर २००३

प्रिय आत्या,

तुझ्या मिरचीच्या चटणीच्या बाटल्या बसवाल्या कोल्योनं घरपोच आणून दिल्या. एक त्याच्या सीटखाली फुटली, त्यामुळे त्याची बस आठवडाभर तुझ्या स्वयंपाकघरासारखी घमघमत होती म्हणे. बाकीच्या मी कपाटात दडवल्यात, नाहीतर माझी रूममेट रोसित्सा नुसत्या चमच्यानं संपवेल.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी 'बरी आहेस ना' हे तुला ऐकू जावं म्हणून मी इतकी ओरडले, की शेजारीण दार वाजवून विचारायला आली, कुणाशी भांडतेयस? तेव्हा आपलं पत्रच बरं.

तुझ्याकडे काम आहे. पुढच्या महिन्यात नगरपालिकांच्या निवडणुका आहेत हे तुला सांगायला नको, तुझ्या खिडकीसमोरच्या बाकावर दुसरा विषयच नसेल. लोकांची मतं आजमावणाऱ्या एका संस्थेनं मला काही छोट्या गावांचे अंदाज बांधायचं काम दिलंय. त्यात आपलं कालिनोवो आहे. अंदाज बरोबर निघाले, तर संस्थेचे मिंचेवसाहेब मला कायमचं घेणार. कायमचं, आत्या! दर जूनमध्ये विद्यापीठाचं 'पुढच्या वर्षी बघू' हे ऐकायला नको. दर महिन्याला पगार, दारावर नावाची पाटी, आणि काम तेच, ज्यासाठी मी नऊ वर्षं डोळे फोडले.

पण कालिनोवोत घरोघर जाऊन प्रश्न विचारायला माणूस मिळत नाहीये. इथला पोरगा पाठवला तर लोक त्याला वीजबिलवाला समजून दार लावून घेतील. तुला सगळे ओळखतात. टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून जन्मभर तू अख्ख्या गावाला एकमेकांशी बोलतं केलंस. आता तूच तीस घरांत जाऊन येशील का? दर फॉर्मामागे थोडं मानधनही आहे. ऐकू येत नाही याची काळजी करू नकोस, उमेदवारांची नावं छापलेलीच असतात.

विद्यापीठात सगळं ठीक. वर्ग लवकरच सुरू होतील.

तुझी,
इस्क्रा


कालिनोवो, १४ सप्टेंबर

इस्क्रे, माझ्या शहाण्या बाळे,

जाईन की. न जायला काय झालं? पाय अजून शाबूत आहेत, गेलेत ते कानच, आणि तेही तुमच्या सरकारच्या नोकरीत.

पण एक सांग. समोरच्या बाकावर सकाळपासून चार राज्यशास्त्रज्ञ बसलेले असतात. चौघेही फुकट. त्यातला मित्को तर अमेरिकेत पुढे काय होणार तेही सांगतो, आणि त्याला त्याबद्दल राकियाचा एक पेला पुरतो. मग कुणी तुला वेगळा पगार कशाला द्यावा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. गावात विचारतात, भाची काय करते? मी 'राज्यशास्त्रज्ञ' म्हटलं की लगेच जवळ सरकून म्हणतात, 'मग आमच्या जावयाचं तेवढं काम करून देईल का?' त्यांना वाटतं, तू मंत्र्यांच्या मांडीला मांडी लावून बसतेस. हल्ली मी सांगते, ऑफिसात आहे. कुठल्या ऑफिसात, ते सांगत नाही.

रांगेल आठवतो ना? तो आता सरहद्दीवर कस्टमचा साहेब झालाय. त्याच्याकडे नोव्हेंबरात एक जागा निघतेय. दोन भाषा येणारं, शिकलेलं माणूस हवंय. मी शब्द टाकलाय. नुसता शब्द नाही, तुझ्या काकांनी गाळलेली शेवटची राकियाही त्याच्या घरी पोचवलीय. कस्टमातली माणसं इथे तीन-तीन मजली घरं बांधतात, आणि ती जागा इथून बसनं पाऊण तासावर. रोज संध्याकाळी घरी जेवायला असशील. मला दुसरं काय हवंय गं?

तुझ्या बापानं, देव त्याला क्षमा करो, तुझं नाव ठेवलं इस्क्रा, म्हणजे ठिणगी. असा संत कुठे असतो का? ज्याचं नाव ठेवलं त्या संताचा सण हाच आपला नामदिन, म्हणजे तुला तो नाहीच. आमच्याकडे नामदिनाला लोक न बोलावता येतात, टेबल पुरत नाही. तुझ्याकडे वर्षातून एकदाही कुणी आपणहून येत नाही. निदान नोकरी तरी अशी घे की लोक चार घटका तुझ्या दारात उभे राहतील.

फॉर्म पाठव.

तुझी आत्या,
नेडा


सोफिया, २३ सप्टेंबर

प्रिय आत्या,

फॉर्म कोल्योकडे दिलेत. या वेळी त्याला सांगितलंय, सीटखाली ठेवू नकोस.

नियम दोनच आहेत, पण ते कडक पाळ. शाळेच्या फाटकापासून उजव्या हातानं निघ आणि दर तिसरं घर घे. घर बंद असलं तर शेजारी जाऊ नकोस, पुन्हा त्याच घरी जा. आणि घरात गेल्यावर, ज्यानं दार उघडलं त्याला विचारायचं नाही, घरच्या कर्त्यालाही नाही. घरातल्या मोठ्या माणसांत ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार असेल, त्यालाच विचारायचं. का, ते सांगते. दार नेहमी तोच उघडतो ज्याला गप्पा मारायच्या असतात किंवा ज्याचा घरात शब्द चालतो. मग आपल्याला वाटतं की गाव बोललं, आणि बोललेले असतात फक्त बाकावरचे लोक. वाढदिवसाला कुणाची भीड नसते. तो सासूला निवडतो तसा सुनेलाही निवडतो.

मित्कोला सांग, तुमच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की तुम्ही सांगता आणि मी विचारते. पगाराचं म्हणशील तर तुझं खरंच आहे. आमच्या वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडतोय, सगळ्यात ढ होता तो एका पक्षाच्या गाडीतून फिरतोय, आणि मधले सगळे मोबाइल फोन विकतात. त्या विषयात अजून टिकून आहे ती मीच. चिकाटी म्हण, नाहीतर खुळेपणा म्हण.

रांगेलकाकांना नमस्कार सांग, आणि राकिया परत मिळत असेल तर घेऊन ये. कस्टम नको, आत्या. मला पाटी मिळणार आहे.

इस्क्रा


कालिनोवो, ५ ऑक्टोबर

इस्क्रे,

झालं तुझं काम! सगळे फॉर्म या पाकिटात आहेत, आणि हे पत्रही त्यातच घालतेय. माझ्या पोटात मात्र आता जागा नाही. प्रत्येक घरात कॉफी, वर पाकातली फळं, वर 'नेडा, हे तेवढं चाख'. एका घरी तर मला भाजलेल्या मिरच्या सोलायला बसवलं आणि मग प्रश्नांची उत्तरं दिली. दोन कुत्री मागे लागली. एकूण काय, मजा आली. घरात बसून बसून मला बुरशी चढली होती, ते या आठवड्यात कळलं.

तुझा वाढदिवसाचा नियम तेवढा मी जरा सुधारला. पहिलं घर मित्कोचं. त्याला विचारलं, वाढदिवस कधी? तो म्हणाला, आई सांगायची की मका काढायचा चालू होता. त्याच्या बायकोला विचारलं तर ती लाजून लाल झाली, तिला वाटलं मी वय काढून घेतेय. अगं, पोरं शाळेतून सुटली की पुढे वाढदिवस कोण लक्षात ठेवतो? मग मी सरळ नामदिन विचारायला लागले. तो सगळ्यांना पाठ! ज्याचा नामदिन आधी, तो खुर्चीवर. संत पेत्काचा दिवस तर आलाच आहे, तेव्हा जिथे पेत्का किंवा पेत्को असेल तिथे तेच बसले. नसले तर संत दिमित्रवाले, म्हणजे मित्को आणि दिमित्रा. तेही नसले तर मिहाईल, नाहीतर एखादा रांगेल. काय भराभर काम झालं म्हणून सांगू! शिवाय सगळ्यांना आगाऊ शुभेच्छाही देऊन झाल्या. हे तुमच्या सोफियातल्या लोकांना सुचलं कसं नाही?

मित्कोनं नगराध्यक्ष कराजोवचं नाव मला ऐकू जावं म्हणून इतक्या जोरात घेतलं, की समोरच्या अंगणातून कुणीतरी 'माझंही तेच लिही!' म्हणून ओरडलं. तसे सगळेच कराजोव म्हणतात. हिवाळ्यात पेन्शनवाल्यांच्या दारात लाकडं टाकतो ना तो. ती गुरांची डॉक्टर वेल्कोवा उभी आहे, पण तिचं नाव घेणारे दोघं-तिघंच. मित्कोची सून झोरा कॉफी घेऊन आली. म्हटलं, बस गं दोन मिनिटं. तर सासऱ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली.

रांगेल विचारत होता. मी म्हटलं, पोरगी विचार करतेय.

तुझी आत्या


सोफिया, ९ ऑक्टोबर

माझी गुणाची आत्या,

घाईत लिहितेय. फॉर्म मिळाले, सगळे नीट भरलेले, एकही कोरा नाही. मिंचेवसाहेब म्हणाले, ही बाई कोण, हिला सगळीकडे पाठवू. कालिनोवोत कराजोव इतके पुढे आहेत की तिथे निवडणूक घेण्याची गरजच नाही. आज संध्याकाळी टीव्हीवर अंदाज सांगायचेत आणि ते मी सांगणार आहे. निळा कोट रोसित्साकडून घेतलाय. निकाल जुळले की एक नोव्हेंबरला माझ्या नेमणुकीच्या कागदावर सही!

तुझं पत्र पाकिटात दिसलं. चांगलं जाड आहे. ते असं धावपळीत वाचायचं नाही, कार्यक्रम झाला की अंथरुणात पडून निवांत वाचीन.

इस्क्रा


सोफिया, ११ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र वाचलं.

तुला कुणी सांगितलं होतं गं सुधारायला? पेत्का, मित्को, मिहाईल ही कुणाची नावं आहेत? तुमच्या पिढीची. आमच्या आईबापांनी आमची नावं ठिणगी, ज्वाला, चांदणी अशी ठेवली. आम्हाला संत नाहीत, हे तूच मला लिहिलं होतंस. तू घरात जाऊन नामदिन विचारलास की खुर्चीवर म्हातारं माणूस येणार हे ठरलेलंच होतं. तीस घरं फिरलीस आणि जवळपास एकही तरुण माणूस आणला नाहीस. आणि मी टीव्हीवर देशाला सांगून बसले की कालिनोवोत कराजोवांना काही धोका नाही. कालिनोवोला मी विचारलेलंच नाही. मी फक्त पंचांगाला विचारलं.

फॉर्मांवरची वयं बघून मला शंका यायला हवी होती. पण मीच मनाशी म्हटलं, तरुण सगळे स्पेनला गेले असतील, गावात म्हातारेच उरलेत. ज्या गावात वाढले, त्याच्याबद्दल न विचारता ठरवून मोकळी झाले.

रागात लिहिलंय. फाडून टाकावंसं वाटतंय, पण पाठवतेय.

इस्क्रा


कालिनोवो, १५ ऑक्टोबर

इस्क्रे,

काल संत पेत्काचा दिवस होता. तीन घरी जायचं होतं, कुठेच गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

मला वाटलं होतं, मी तुला मदत करतेय. लोकांना काय विचारायचं आणि कसं विचारायचं, ते मला कोण शिकवणार, असा माझा तोरा होता. तुझा नियम मला पोरकट वाटला. नऊ वर्षं शिकून आलेल्या पोरीचा नियम मी पहिल्याच दारात मोडला, आणि वर तुला शहाणपण सांगितलं. मला फार वाईट वाटतंय, बाळ.

तुझी नोकरी माझ्यामुळे गेली का? एवढंच मला सांग, बाकी काही लिहू नकोस.

आणि हे बघ, कुणाला कशाला सांगायचं? मी तोंड उघडणार नाही, आणि बहिऱ्या बाईला कोण विचारायला येतंय? तू गप्प राहा. सगळेच असतात.

ग्रंथालयात कोऱ्या फॉर्मच्या झेरॉक्स काढून आणल्यात. माझ्या मनात एक गोष्ट आहे, पण ती आधी करते आणि मग सांगते.

आत्या


सोफिया, २० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझ्यामुळे काही झालं नाही. हे पहिल्यांदा वाच, दोनदा वाच, मग पुढे जा.

मी मिंचेवसाहेबांना सांगितलं. ते खूप हसले. नामदिनाची गोष्ट त्यांनी सगळ्या ऑफिसला ऐकवली. मग दार लावलं आणि म्हणाले, 'कालिनोवोत मतं किती? कोण बघतंय? चुकलं तर म्हणू, लोकांनी आयत्या वेळी मत बदललं. आपण सगळे हेच म्हणतो.' त्यांनी ते इतक्या प्रेमानं सांगितलं की मला क्षणभर पटलंही. रात्रभर पाटीच डोळ्यांसमोर होती. सकाळी मी वर्तमानपत्राला स्वतः कळवलं की कालिनोवोचा अंदाज चुकीच्या पद्धतीनं काढला होता, तो मी मागे घेते, चूक माझी. तुझं नाव कुठेही नाही. दुपारी मिंचेवसाहेबांनी ती जागा दुसऱ्याला देऊन टाकली. रागावलेही नाहीत. 'तू चांगली मुलगी आहेस, पण तुला घेऊन मी धंदा कसा करू?' म्हणाले.

आता दुसरंही सांगून टाकते. विद्यापीठानं मला जूनमध्येच कमी केलं. 'वर्ग सुरू होतील' वगैरे जे लिहिलं, ते तुला बरं वाटावं म्हणून. आपल्याकडच्या, तीन गावं पलीकडच्या कॉलेजनं आठवड्यातून दोन तास शिकवायला बोलावलंय, पण त्याचे पैसे बसभाड्यात आणि कॉफीत संपतील. रोसित्सा महिनाअखेर लग्न करून चाललीय, खोलीचं भाडं मला एकटीला झेपणार नाही.

तेव्हा रांगेलकाकांना हो म्हणून सांग. खरंच सांगतेय. तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं, मला कळायला उशीर लागला. कस्टममध्येही प्रश्न विचारायचेच असतात ना, 'काही दाखवण्यासारखं आहे का?' म्हणून. रोज घरी जेवीन. तुलाही बरं वाटेल.

मी रडतबिडत नाहीये.

तुझी इस्क्रा


कालिनोवो, २७ ऑक्टोबर

इस्क्रे, बाळे,

जूनपासून तुला नोकरी नाही, आणि मी तुला चटणी पाठवत होते! दोन दिवस स्वतःशीच बडबडत होते मी. मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? रांगेलच्या उंबऱ्यावर जाऊन बसले असते. म्हणूनच नाही सांगितलंस. कळतं मला, पण तरी लागलं.

आता माझं ऐक. मागच्या पत्रानंतर मी पुन्हा निघाले. शाळेच्या फाटकापासून, उजव्या हातानं, दर तिसरं घर. कुणी सांगितलं नव्हतं. लोक म्हणाले, नेडा, विसरलीस का, परवाच तर येऊन गेलीस! म्हटलं, हो विसरले, बहिरी झाले तशी खुळीही झाले समजा, ओळखपत्रं काढा. वाढदिवस कुणाला आठवत नसला तरी ओळखपत्रावर छापलेला असतो. हे पहिल्याच वेळी सुचलं असतं तर!

मित्कोकडे झोराचा वाढदिवस आधी निघाला. मित्को म्हणाला, तिला काय विचारतेस, ती आमच्यासारखंच टाकते. म्हटलं, मग तू बाहेर जायला तुला काय हरकत आहे? कुरकुरत कोंबड्यांकडे गेला. झोरा खुर्चीच्या कडेवर बसली. हात कोरडेच होते, तरी ॲप्रनला पुसत होती. मी म्हटलं, बोलू नकोस, मला तसंही ऐकू येत नाही, नुसतं बोटानं दाखव. तिनं कागदाकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि वेल्कोवाच्या नावावर बोट टेकवलं. टेकवलं ते काढेचना. मी लिहून घेतलं तरी ते तिथेच. मग काहीतरी म्हणाली, मी ओठांवरून वाचलं. 'मला कधी कुणी विचारलं नव्हतं.'

अशी बोटं मला घराघरात भेटली, इस्क्रे. शिवणाच्या कारखान्यातल्या पोरी, बेकरीतला तो काळा मुलगा, पेत्काचा आजारी जावई. मी या सगळ्यांच्या घरी महिन्यातून दोनदा कॉफी पिते आणि यांच्यातल्या एकाशीही मी कधी धड बोललेले नाही. बोलायची ती खुर्चीवरच्यांशीच.

झोरानं मग मला विचारलं, हे काम कोण करतं, त्याला काय शिकावं लागतं आणि पगार किती मिळतो. काम माझी भाची करते, असं मी सांगितलं, आणि तू काय-काय शिकलीस तेही मला येत होतं तेवढं सांगितलं. पगाराचं म्हटलं, मिळाला तर मिळतो. ती म्हणाली, 'तरी चांगलं काम आहे.' नऊ वर्षं मी तुझ्या कामाची टर उडवतेय. त्या पोरीपुढे मला एक विनोद सुचला नाही.

काल मतदान झालं. वेल्कोवा पुढे आहे, कराजोव मागे पडला, पुढच्या महिन्यात दोघांची दुसरी फेरी. बाकावर सन्नाटा आहे. माझ्या फॉर्मांत हेच आलं होतं, पण मी ते मतदानाआधी कुणाला दाखवले नाहीत. ते या पाकिटात आहेत. आता त्यांचा कुणाला उपयोग नसेल, पण ते तुझे आहेत.

आणि काल संत दिमित्रचाही दिवस होता, म्हणजे मित्कोचा नामदिन. दुपारी सगळे त्याच्याकडे. रांगेल आला, माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, 'नेडा, पोरीचं काय ठरलं? शुक्रवारपर्यंत सांग, मागे रांग लागलीय.' तुझं 'हो' माझ्या पर्समध्ये होतं. आणि मी चक्क नाही म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. वाटलं, सांगून टाकावं की माझ्या भाचीला याहून मोठं काम आहे. तेवढ्यात समोर, 'तिला काय विचारतेस' म्हणणारा मित्को बसलेला दिसला आणि ओठांवरचं मी मागे घेतलं. कारण मीही तेच करत होते. हो म्हटलं असतं काय आणि नाही म्हटलं असतं काय, उत्तर माझंच होतं. तू सात वर्षांची माझ्याकडे आलीस तेव्हापासून तुझ्या वतीनं मीच बोलत आले. कोट कुठला, शाळा कुठली, नोकरी कुठली. तू फक्त एकदाच, हा विषय घेताना, माझं ऐकलं नाहीस, आणि त्याचा मी नऊ वर्षं राग धरला.

रांगेलला म्हटलं, थांब, तिला विचारून सांगते. तो म्हणाला, महिनाभर तेच सांगतेयस. म्हटलं, नाही, अजून विचारलेलंच नाही.

तर आता विचारतेय, आणि नीट विचारतेय. खोलीत दुसरं कुणी नाही असं समज. मी नाही, मिंचेव नाही, घरमालक नाही, तुझा बाप नाही. मागच्या पत्रातलं तुझं 'हो' मी धरत नाही, ते तू दमून लिहिलं होतंस. छोटी खोली तुझ्यासाठी झाडून ठेवलीय. हिवाळ्याची लाकडं मी या वर्षी स्वतः विकत घेतलीत. ती खोली तू कस्टमात गेलीस तरी तुझी आणि नाही गेलीस तरी तुझी, तेव्हा ती उत्तरात धरायची नाही. मला बरं वाटेल की नाही, तेही धरायचं नाही.

इस्क्रे, तुला काय हवंय?

आत्या


सोफिया, ३० ऑक्टोबर

आत्या,

मला हेच काम हवंय.

हे मी कुणाला सांगितलं तर लोक लगेच 'पण' म्हणून पुढे काहीतरी विचारतात. तू 'पण' लिहिलं नाहीस. म्हणून सांगते. मिळाला तर पगार आणि नाही मिळाला तर दुसरं काही करीन, पण हे सोडायचं नाही. ते आठवड्याचे दोन तास मी घेतलेत. तिथली बस कालिनोवोवरून जाते. रांगेलकाकांना नाही म्हणून कळव. नीट कळव, त्यांनी आपल्यासाठी जागा अडवून धरली होती. झोराला सांग, मी आले की मला भेट. तिला पगाराबद्दल मी आणखी खरं काय ते सांगीन, आणि तरीही तिला शिकायचं असेल तर कुठे अर्ज करायचा तेही सांगीन.

तुझे फॉर्म मी रात्री बसून बघितले. इतकं चांगलं काम आमच्या पगारी माणसांकडूनही होत नाही. फक्त एक गोष्ट नजरेत आली. आपल्या गल्लीत तू मोजत आलीस, तेव्हा दर तिसऱ्यात आपलंच घर येत होतं, आणि ते सोडून तू पुढे गेलीस. नियमानं ते बरोबरच आहे. विचारणाऱ्यानं स्वतःला मोजायचं नसतं. पण त्या घरात एकटी राहणाऱ्या बाईला काय हवंय, हे तिच्या राज्यशास्त्रज्ञ भाचीनंही इतक्या वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

शनिवारी पेट्या घेऊन पोचतेय. आधी तुला ते विचारणार आहे, मग जेवू.

तुझी,
इस्क्रा